नथ्थुजी कासाराची मोजणी

माझ्या भावाला दहा डझन हिरव्या बांगड्या हव्या होत्या. लग्नासाठी नाही, डोहाळजेवणासाठी नाही. नगरपरिषदेवर मोर्चा न्यायचा आणि मुख्याधिकाऱ्यांना त्या ताटात घालून द्यायच्या, म्हणजे साहेब, तुमच्यात दम नाही, बांगड्या भरा आणि घरी बसा. फोटोवाला ठरला होता. हे सगळं तो मला माझ्याच दुकानात, गादीवर मांडी घालून, आमच्या खापरपणजोबांच्या तसबिरीखाली बसून सांगत होता. त्या माणसानं जन्मभर बायकांच्या हातात बांगड्या भरल्या आणि त्यावरच या गावात नाव काढलं. मी गोपालच्या तोंडाकडे बघत राहिले. लाज नावाची गोष्ट वडिलांनी दोघांत वाटली तेव्हा याच्या वाट्याला आलीच नसावी.

मी कोकिळा. वय अठ्ठावन्न. आम्ही कासार, आणि गोपाल माझा धाकटा भाऊ, आमच्या वॉर्डाचा विरोधी पक्षातला नगरसेवक. नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा चिखलीचं बिऱ्हाड मोडून मी माहेरी आले आणि वडिलांचं दुकान हाती घेतलं. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या नोटीस येईल. मलकापूरहून एस.टी.नं पाऊण तास, एवढं पुरे. माझे स्वतःचे हात बारा वर्षं मोकळे आहेत. मोकळ्या हातांच्या बाईकडून बांगड्या भरून घ्यायला काही जणी आजही कचरतात. पहिली बांगडी तेवढी शेजारणीकडून चढवून घेतात, मग उरलेल्या अकरा माझ्याकडून. मी काही बोलत नाही, पण राग येतो. रोज येतो.

आमच्याकडं नळाला नवव्या दिवशी पाणी येतं. त्या उन्हाळ्यात ते पिवळं यायला लागलं. जुन्या जिनिंगच्या पुलाखाली पाण्याची लाईन आणि गटार शेजारी शेजारी जातात, आणि कुठंतरी दोन्ही एक झालं होतं. वैशाखात लोकांचे डोळे पिवळे झाले. मग माणसं जायला लागली. नगरपरिषदेचं म्हणणं एकच होतं, काविळीनं एकही मृत्यू नाही. जे गेले ते दारूनं गेले, त्यांचं लिव्हर आधीच खराब होतं. मेलेला प्रत्येक माणूस दारुडा ठरला, माळकरीसुद्धा. मृत्यू नाही म्हणजे साथ नाही. साथ नाही म्हणजे लाईन बंद करायची नाही आणि टँकर द्यायचा नाही. म्हणजे मेलेल्यांचा आकडा कागदावर चढत नव्हता तोवर तेच पाणी चालू राहणार होतं, आणि लोक तेच पीत होते. उकळून प्या म्हणून रिक्षातून ओरडत फिरले, तेवढी सेवा मात्र झाली.

आता नथ्थुजींचं सांगते, कारण त्यांचं ऐकल्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

भिंतीवरची तसबीर खोटी आहे. वडिलांनी मलकापूरच्या एका पेंटरकडून ती अंदाजानं काढून घेतली. पेंटरनं फेटा, पल्लेदार मिशा आणि हातात काठी दिली आहे. नथ्थुजींच्या हातात काठी कशाला असेल? त्यांच्या खांद्यावर बांगड्यांचं ओझं असायचं. रेल्वे येऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. जळगाव जामोदपासून इकडं मलकापूरपर्यंत ते पायी हिंडायचे, गावोगाव, दारोदार. परक्या पुरुषानं बाईचा हात धरायचा आणि घरातल्या कुणी हूं की चूं करायचं नाही, असा मान एका कासारालाच. बांगडी भरताना अंगठ्याखालचं हाड दाबावं लागतं, पंजाची मोळी करावी लागते. दुखतं. दुखताना बाई बोलते. सासू काय म्हणाली, दीर कुठं गेला, नवऱ्याला ताप आहे. भरून झालं की ती हात जोडते, मग कासार पुढच्या दाराला जातो. असं वीस वर्षं केल्यावर नथ्थुजींना हजार हात पाठ होते. कुणाचा हात आखूड, कुणाचं मनगट मोडून वाकडं सांधलेलं, कुणाला वर्षात दोनदाच परवडतात, सगळं.

आमच्या घरात त्यांचं मोठेपण सांगताना एक गोष्ट हटकून सांगत. नथ्थुजी महारवाड्यातही जायचे. तिथं ते दगडावर बांगड्या ठेवायचे आणि मागं सरायचे. बायका पुढं येऊन उचलायच्या आणि आपल्या आपण भरायच्या. बघा, त्या काळातसुद्धा त्यांनी कुणाला वगळलं नाही, असं वडील कौतुकानं सांगायचे. मी लहानपणी ऐकायचे आणि मलाही कौतुक वाटायचं.

पुढं त्यांनी गावात दुकान टाकलं. रेल्वेनं पेट्या भरून काच यायला लागली होती, धंदा वाढला. त्याच सुमाराला सरकारनं गावाला कमिटी दिली, म्हणजे आजची नगरपरिषद. कर भरणाऱ्या पुरुषांनी मत द्यायचं. कमिटीचे अध्यक्ष कपाशीचे बडे व्यापारी होते. त्यांना बाजारपेठेतून एक असा सभासद हवा होता जो मान हलवेल आणि तोंड उघडणार नाही. कुणीतरी म्हणालं, कासाराला घ्या, तो बायकांत राहून राहून मऊ झालेला आहे. असे नथ्थुजी राजकारणात आले. मऊ म्हणून. तीन वर्षं ते मागच्या बाकावर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. कंदील, रस्ते, कोंडवाडा, ज्याला अध्यक्ष हो म्हणत त्याला तेही हो म्हणत. हे आमच्या घरात कुणी सांगत नाही, मी सांगते.

चौथ्या वर्षी पटकी आली. गाव ज्या तळ्याचं पाणी प्यायचं ते अध्यक्षांच्या मालकीचं होतं. कोतवालाच्या नोंदीत महिन्याभरात अकरा माणसं तापानं मेली असं लिहिलं होतं. कमिटीत ते वाचून दाखवलं आणि अध्यक्ष म्हणाले, पुढचा विषय घ्या. तेव्हा नथ्थुजी उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा. अकरा नाही, एक्केचाळीस, म्हणाले. कशावरून, असं विचारलं. तर म्हणाले, माझ्याकडं वर्षानुवर्षं येणाऱ्या एक्केचाळीस बायका या महिन्यात बांगड्या भरायला आल्या नाहीत, आणि मी त्यांच्या दारावरून गेलो तेव्हा त्यांचे हात मोकळे होते.

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, कासारा, हे मर्दांचं काम आहे, तू आपल्या हातात बांगड्या भर आणि घरी बस.

म्हणजे ही शिवी आमच्या घराण्याला सव्वाशे वर्षांपूर्वीच बसलेली आहे. आणि आज माझा भाऊ तीच शिवी ताटात घालून मिरवणार होता, आमच्याच दुकानातून माल घेऊन.

दुसऱ्या दिवशी नथ्थुजींनी त्या बायकांना कमिटीच्या कचेरीसमोर आणलं. आत जायची सोय नव्हती. मग त्या खिडक्यांशी उभ्या राहिल्या आणि गजांतून मोकळे हात आत घातले. एक्केचाळीस हात. सभासदांना बसवेना, म्हणतात. त्यात एक हात एका सभासदाच्या वहिनीचा होता अशीही गोष्ट आहे, पण ती खरी की नंतर रंगवलेली ते मला माहीत नाही. आठ दिवसांत तळं बंद झालं, एका विहिरीवर रहाट बसला. पुढच्या निवडणुकीत नथ्थुजी सगळ्यांत जास्त मतांनी आले आणि उपाध्यक्ष झाले. मग त्यांनीही बाजारात मोक्याची जागा घेतली, अंगरख्याला जर लावली आणि बायकोला चारचौघांत बोलू देईनासे झाले. असो. माणूस होता.

तर गोपाल माझ्यासमोर बसून बांगड्या मागत होता. मोर्चाच्याच दिवशी तो चौकात बोर्डही लावणार होता, नथ्थुजी कासार चौक. खाली लिहायचा मजकूर त्यानं मला मोबाईलवर दाखवला. पटकीच्या साथीत एक्केचाळीस मृत्यू उघडकीस आणणारे लोकनेते. मी म्हटलं, इतकं लिहितोस तर तेच काम तू कर ना. बांगड्यांचं ताट कशाला? मेलेल्यांची नावं घेऊन जा. मी सहा नावं देते.

सहा नावं माझ्याकडं होती कारण दोन दिवसांपूर्वी वटसावित्री झाली होती. आदल्या चार दिवसांत माझं दुकान बायकांनी भरलेलं असतं. वडाला जायचं तर हातात नवा हिरवा चुडा लागतो, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. दरवर्षी येणाऱ्यांतल्या सहा जणी या वर्षी आल्या नाहीत. मला कुणी शिकवलेलं नाही, पण हात रिकामा गेला की माझ्या लक्षात राहतं. मी दुपारचं दुकान बंद करून सहाही घरी जाऊन आले. सहाही घरांत वैशाख-जेठात माणूस गेलेला. योगिनी त्यांतली सगळ्यांत लहान, सव्वीस वर्षांची. तिच्या लग्नाचा चुडा मीच भरला होता. सासूनं तिच्या बांगड्या पाट्यावर फोडल्या तेव्हा काच लागली होती, मनगटावर अजून खपली होती.

गोपालनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, नाव घेतलं का पुरावा द्या लागते. बांगड्यायले पुरावा नाई लागत."

"मंग दे ना पुरावा. काऊन नाई देत?"

तो हसला आणि मला राजकारण समजावायला लागला. पेपरवाले मोर्चात काय दिसतं ते छापतात. सहा विधवा उभ्या केल्या तर लोकांना वाईट वाटेल आणि विसरतील. साहेबाच्या हातात बांगड्या दिसल्या तर जिल्ह्याभर फोटो फिरेल. शिवाय आपल्याच घराण्याचं दुकान, तेही बातमीत येईल. मी त्याला म्हटलं, माझ्या दुकानातली एक काच तुला मिळणार नाही, आणि गादीवरून ऊठ. तो उठला. जाताना म्हणाला, तुमच्याकडून नाही तर मलकापूरहून आणतो, स्वस्त पडतील. मला "तुमच्याकडून" म्हणाला. रागावला की तो मला परक्यासारखं बोलतो.

मी ठरवलं, मोर्चाच्या दिवशी मीच जाईन. सहा जणींना घेऊन, नथ्थुजींसारखी. खरं सांगते, मला त्या कल्पनेचा अभिमानसुद्धा वाटला. खिडकीतून आत गेलेले हात मला दिसायला लागले. आपण त्यांच्या रक्ताच्या, असं वाटून मी त्या संध्याकाळी तसबिरीला हार घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुश्री आली. ती नव्या वस्तीतली, बौद्ध, आशा सेविका. गोळ्या वाटत, लहान बाळांची वजनं करत गावभर फिरते, म्हणून मी तिला विचारायचं ठरवलंच होतं. चांगल्या डॉक्टरी शब्दांत अर्ज लिहून देशील का, असं मी तिला म्हटलं आणि माझी सहा नावं सांगितली. ती काउंटरपाशी उभी राहून ऐकत होती. मी तिला असंही म्हटलं की बरं झालं, तुमच्या वस्तीत काही झालं नाही. वटसावित्रीच्या आठवड्यात तुमच्या बायकाही येऊन गेल्या, सगळ्यांचे हात भरलेले. तू पण आली होतीस ना, दोन-सहाच्या, निळ्या?

मंजुश्रीनं हात काउंटरवर ठेवला. निळ्या बांगड्या होत्या, मीच भरलेल्या.

"काकू, माह्या नवऱ्याले जाऊन आज एकोणीस दिवस झाले."

मला काही कळेना. मी तिच्या बांगड्यांकडं बघत होते आणि ती माझ्याकडं.

"आमच्यात नाई फोडत. धम्म घेतला तवापासून नाई. माह्या सासूनं नाई फोडल्या, तिच्या सासूनं नाई फोडल्या. आमच्या वस्तीत पाच मानसं गेले. तुमच्याकडं आलो त्यातल्या आमी चौघी विधवा होतो."

तिचा नवरा नागसेन. जिनिंगमध्ये गाठी चढवायचा. मी त्याला ओळखत होते, रस्त्यात भेटला की मावशी म्हणायचा. तो मेल्यानंतर दोन आठवड्यांनी मी त्याच्या बायकोचा हात हातात धरला होता. अंगठ्याखालचं हाड दाबलं होतं. निळा रंग शोभतो तुला, असं म्हटलं होतं. आणि मला कळलं नाही. मी तिच्याकडं बघितलंच नव्हतं, फक्त मनगटाकडं बघितलं होतं. ती त्या दिवशी गप्प होती, तेसुद्धा मला आत्ता आठवलं.

मी तिला विचारलं की तेव्हा सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाही. चिडून नाही म्हणाली, एखादा फॉर्म भरताना बोलावं तशी म्हणाली. त्यानं जास्त लागलं.

मग तिनं तसबिरीकडं मान वर करून बघितलं. हार कालचाच होता. या आजोबांची गोष्ट आम्हालाही माहीत आहे, म्हणाली. शाळेत गोपालदादा भाषणात सांगतात.

"त्या एक्केचाळिसात आमचे किती होते, काकू?"

तळ्याचं सांडलेलं पाणी ओढ्याला लागायचं आणि ओढा महारवाड्यावरून जायचा. ते लोक तेच प्यायचे, वरून भरू देत नव्हते. वर एक्केचाळीस मेले तर खाली किती मेले असतील? मंजुश्रीच म्हणाली, तिच्या सासरी सांगतात, त्या साली कितीतरी घरांत चूल पेटवायला माणूस उरला नव्हता. आणि नथ्थुजी? ते दगडावर बांगड्या ठेवून मागं सरायचे. ते हात त्यांनी कधी धरलेच नव्हते. मग कोणता हात रिकामा झाला ते त्यांना कुठून पाठ असणार? जे धरले तेवढेच मोजले. सव्वाशे वर्षं आम्ही त्या आकड्याची पूजा करतोय, आणि तो आकडा अर्धवट आहे. त्या दगडाचं मला कौतुक वाटायचं. थू माझ्या कौतुकावर.

मी गादीवरून उठले, तसबिरीचा हार काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मंजुश्रीला ते आवडलं की नाही कळलं नाही. ती म्हणाली, हार राहू द्या, मोर्चाला किती वाजता यायचं ते सांगा.

मोर्चाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. नगरपरिषदेच्या पटांगणात दीड-दोनशे माणसं होती. गोपाल पुढं, पांढऱ्या कपड्यांत, हातात पितळेचं ताट, त्यात लाल कापडावर मलकापूरच्या हिरव्या बांगड्या. मुख्याधिकारी बाहेर आले. तरुण माणूस, बोलणं मऊ, शर्ट इस्त्रीचा. गोपालनं भाषण सुरू केलं, बायकांसारखे लपून बसता, मर्द असाल तर वगैरे. माझ्यामागं योगिनी उभी होती. ती हे सगळं खाली मान घालून ऐकत होती, आणि तिच्या मनगटावरची खपली मला दिसत होती. मला वाटलं, आत्ता या ताटावर पाय द्यावा.

मी गर्दीतून पुढं गेले आणि म्हटलं, गोपाल, बाजूला हो. त्याला वाटलं मी ताट देण्याच्या फोटोसाठी आले, म्हणून तो जरा सरकला. मी साहेबांना सांगितलं की काविळीनं अकरा माणसं गेली आहेत, त्यांच्या घरच्या इथं आहेत, नावं लिहून घ्या आणि पुलाखालची लाईन आज बंद करा. सहापैकी चौघी आल्या होत्या, दोघींना घरच्यांनी सोडलं नाही. त्यांचे मोकळे हात बघून साहेबांचा चेहरा थोडा उतरला. मोकळा हात आपल्या लोकांना समजतो. त्यांनी क्लार्कला कागद आणायला सांगितलं, मृत्यू दाखल्यांवर कारण वेगळं आहे असंही पुटपुटले, पण चार नावं लिहिली, आणि न आलेल्या दोघींचीही मी सांगितली तशी लिहिली.

मग मंजुश्री पुढं आली. तिच्यामागं तिच्या वस्तीतल्या चौघी. नऊवार, पाचवार, एक पंजाबी ड्रेसमध्ये. सगळ्यांच्या हातात बांगड्या. मंजुश्रीच्या हातात पाच फायली होत्या, दवाखान्याचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, तारखेनं लावलेले. तिच्याइतकी तयारी त्या आवारात कुणाचीच नव्हती. साहेबांनी फायली घेतल्या नाहीत. त्यांची नजर हातांवर गेली. गोपालच्या मागून त्याचाच एक कार्यकर्ता मोठ्यानं म्हणाला, "ह्या तं सवाष्णी हायेत ना बे. ह्यायचं काय मेलं?"

काही जण हसले. साहेबही ओठांतल्या ओठांत हसले, आणि क्लार्कनं पेनाचं टोपण लावलं. सहा, म्हणाले साहेब, सहाची चौकशी लावतो.

टोपण लावल्याचा तो आवाज माझ्या डोक्यात गेला. हशा तोच होता, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. फक्त या वेळी त्याला माझी मदत झाली होती, कारण मोकळा हात म्हणजे मेलेला नवरा हे मीच या गावाला दुकानात बसून शिकवत आले होते.

मी गोपालच्या ताटातल्या बांगड्या उचलल्या आणि भरायला लागले. माझ्याच हातात. बारा वर्षं झाली होती, हात जाड झाला आहे, आणि त्या स्वस्त बांगड्या दोन-चारच्या, मला दोन-आठ लागतात. तेल नाही, साबण नाही. पहिली चढली तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली. दुसरी वाढली, फुटलेली काच अंगठ्यात घुसली. तिसरी चढली, चौथी चढली. गोपाल म्हणत होता, ताई, काय करून राह्यली, लोक पाहून राह्यले. मी दोन्ही हातांत सहा-सहा भरल्या आणि रक्तासकट हात साहेबांच्या तोंडासमोर धरले.

"साहेब, बारा वर्षं झाले माह्या नवऱ्याले जाऊन. आता बांगड्या भरल्या मी. झाला का तो जित्ता?"

साहेब मागं सरकले.

"नाई ना झाला? मंग ह्यायचेबी नाई झाले. ह्यायच्या हातातल्या फायली वाचा. हात नोका पाहू."

क्लार्कनं पेनाचं टोपण काढलं. साहेबांनी न सांगता काढलं, एवढं त्याचं मी लक्षात ठेवलं आहे. मंजुश्रीनं पहिली फाईल उघडली आणि वाचायला सुरुवात केली. नाव, वय, ताप कधी आला, रिपोर्टची तारीख, मृत्यूची तारीख. पाचही तिनं एकाच आवाजात वाचल्या. चौथ्या फाईलवर नाव आलं नागसेन. तिथंही आवाज हलला नाही, फक्त पान उलटायला तिला दोनदा बोट लावावं लागलं.

अकरा नावं कागदावर चढली. खाली सही, शिक्का. संध्याकाळी पुलाखालची लाईन बंद झाली आणि तिसऱ्या दिवशी टँकर आले. पहिला टँकर नव्या वस्तीत उभा राहिला. तो तिथं उभा करून घेण्यासाठी मंजुश्री ड्रायव्हरशेजारी बसून आली होती. पेपरात फोटो गोपालचा आला, बांगड्यांच्या ताटासकट. विरोधकांच्या दणक्यानं प्रशासन नमलं, असं लिहिलं होतं. माझ्या हातांचा उल्लेख नव्हता, आणि बरं झालं नव्हता.

चौकातला बोर्ड राहिला होता. प्रेम पेंटर शिडीवर चढला तेव्हा मी खाली जाऊन उभी राहिले. त्यानं चौकाचं नाव रंगवलं, मग एक्केचाळीस मृत्यू उघडकीस आणणारे, असं काढलं. मी त्याला थांबवलं आणि खाली आणखी एक ओळ घालायला सांगितली. प्रेमनं गोपालकडं बघितलं. गोपाल म्हणाला, ताई, घराण्याच्या बोर्डावर असं कोनी लिहिते काय. मी म्हटलं, लिहितात. मंजुश्री ड्युटीवरून चालली होती, ती सायकल धरून थांबली.

माझ्या हातात त्याच बारा बांगड्या होत्या. काढायच्या म्हटलं तर निघत नव्हत्या आणि फोडणार तर मी नव्हतेच. मी शिडी धरली आणि प्रेमला शब्द सांगितले, आणि त्यानं तेच लिहिलं. "आणि ज्यांचा हात त्यांनी कधी धरला नाही, म्हणून मोजले नाहीत, तेही मेले."